आंबटाचं सासर

मोहन्याच्या आवडाबाईंनी धवला म्हणायला तोंड उघडलं की शहाडच्या पुलावर मालगाडी थांबायची. रेल्वेवाले म्हणतील सिग्नल नव्हता. म्हणू द्या. सिग्नलही ऐकत उभा असेल, त्याला कोण विचारायला गेलंय? मी रेयॉनच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. यंत्रांच्या आवाजाने माझा डावा कान कामातून गेला, पण आवडाबाईंचा धवला मी त्याच कानाने ऐकायचो. चांगल्या कानाला तो झेपत नसे.

धवला म्हणजे काय हे ठाऊक नसेल त्यांना सांगतो. आगरी लग्नात भटजी असतात, मंगलाष्टका असतात, सगळं असतं. पण लग्न खरं लावते ती धवलारीण. मांडवाची पहिली मेढ रोवल्यापासून नवरी सासरच्या उंबऱ्यात पाऊल टाकेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या गळ्यात असतं. तिने म्हटलं की हळद लागली. तिने म्हटलं की मुलगी सासरची झाली. ती थांबली की सगळेच हातातलं काम धरून उभे राहतात, वरमायसुद्धा. डीजे आल्यापासून अशा बाया कमी होत गेल्या आणि आमच्या बाजूला तर आवडाबाई एकट्याच उरल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या भातखाचरांवर आता इमारती आहेत. त्यातल्या एका इमारतीत, त्यांच्याच शेजारच्या खोल्यांत मी राहतो. मधली भिंत पातळ आहे, म्हणून मला त्या घरातलं सगळं कळतं. भिंत जाड असती तर मी दार उघडं ठेवलं असतं.

आवडाबाईंची नात ऋतिका ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत कामाला. कंपनी व्हिटॅमिनच्या गोळ्या बनवते. तिथल्याच प्रयोगशाळेतला अनिमेष नावाचा मुलगा तिने पसंत केला. मुलगा घाटावरच्या, पण ठाण्यात स्थायिक झालेल्या कुटुंबातला, शिकलेला, बोलायला हळू. ठाण्याच्या लोकांनी हॉलची भाषा सुरू केली तेव्हा ऋतिका म्हणाली, "हॉल घ्या, नका घेऊ, मला फरक नाही पडत. आजी धवले म्हणणार असेल तरच मी पाटावर बसणार. नाहीतर लग्नच नाही."

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं, कारण आवडाबाई धवले म्हणणार नाहीत असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आणि नेमकं तेच झालं. तारीख महिन्यावर आली आणि आवडाबाईंना एक ओळ धड म्हणता येईना. हिरड्या जांभळासारख्या सुजल्या होत्या. ओळ सुरू केली की तोंडात रक्त यायचं, दात हलायचे, दम लागायचा. पायांवर कोणी चिमटे काढल्यासारखे निळे डाग. ज्या बाईने एका दमात मांडव ते सासर गायलं होतं, ती चहाचा कप उचलून दमायची.

ऋतिका आणि तिचा भाऊ हितेश आजीला शहाडला डॉक्टर कल्पिताकडे घेऊन गेले. रिक्षात जागा होती म्हणून मीही गेलो. जागा नसती तर ड्रायव्हरशेजारी बसलो असतो.

डॉक्टरने हिरड्या बघितल्या, पाय बघितले, रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, "आजी, जेवणात काय काय असतं?"

"भात. सुकट. चाय नि बटर."

"फळं? टोमॅटो? लिंबू, चिंच, कोकम?"

"आंबाट सोरलंय मी."

"सोडलंय? कधीपासून?"

"एकवीरा आईला बोललंय तवापासून."

मग ती कथा बाहेर आली. मागे आवडाबाईंचे गुडघे असे धरले होते की अंगणातल्या तुळशीपर्यंत जायचं म्हणजे त्यांना वाटेत मुक्काम करावा लागे. तेव्हा त्यांनी कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलला: आई, तुझ्या पायऱ्या मला माझ्या पायांनी चढू दे, मी आंबट सोडते. गुडघे सुटले. त्या पायऱ्या अशा चढल्या की डोलीवाले मागून "आजी, थांबा" म्हणत होते. डोली रिकामीच होती, ते नुसते सोबत मागत होते. त्या दिवसापासून घरात चिंच शिजली तरी आवडाबाई नाकाला पदर लावत. आंबटाच्या नावाखाली त्यांनी टोमॅटो सोडला, आमसूल सोडलं, आणि कोणतं फळ आंबट निघेल याचा भरवसा नाही म्हणून फळंच सोडली.

"आजी, याला स्कर्व्ही म्हणतात," डॉक्टर म्हणाली. "तुमच्या अंगातलं व्हिटॅमिन सी संपलंय. पूर्वी जहाजावरच्या खलाशांना व्हायचा हा आजार. महिनोन्महिने समुद्रात, ताजं काही खायला नाही."

"मी तं होरीत पन कवा बसले नाय," आवडाबाई म्हणाल्या.

"बरं होईल ना?" ऋतिकाने विचारलं. "लग्नाच्या आत?"

"नक्की होईल. व्हिटॅमिन मिळालं की आधी थकवा जातो, मग हिरड्या भरून येतात. लग्नाच्या आत आजी बोलायला लागतील."

"बोलायला नाही, डॉक्टर. गायला."

"गायला पण."

"सुई देनार?" आवडाबाईंनी विचारलं.

"सुईची गरज नाही. पोटातून घेतलेलं चांगलं अंगी लागतं."

आवडाबाईंनी मान डोलावली. अंगी लागणं हा शब्द त्यांना पटला. मग त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "पन ते आंबाट हाय का नाय?"

डॉक्टर खरं बोलणारी होती. "आंबटच असतं, आजी."

"मंग नाय."

"अहो, देवी समजून घेईल."

"शब्द मी आईला दिलाय. समजून घ्यायचं तं तिला इचारा नि तिचा निरोप माज्याकरं आना." आवडाबाई उठल्या आणि दमून पुन्हा बसल्या.

वाटेत ऋतिकाने पेरूचं नाव काढलं. पेरू गोड असतो, त्यात सी भरपूर. आवडाबाई म्हणाल्या, "कवला पेरू आंबाट लागतो. पिकला मंजे काय कूल बदललं?"

आता हितेशने सूत्रं हाती घेतली. हितेशची जिम आहे. दंड असे की शर्टाच्या बाह्या त्याला दरवर्षी वेगळ्या शिवाव्या लागतात. "टेन्शन नको घेऊ ताई," तो म्हणाला. "सप्लिमेंट माझा विषय आहे. आंबट न लागणारी व्हरायटी पण मिळते मार्केटमध्ये. आजीला फिट करतो."

पहिल्या दिवशी चघळायच्या गोळ्या आल्या, नारंगी. आवडाबाईंची जीभ म्हणजे काय सांगू, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणी लिंबू कापलं तरी इकडे त्यांचे दात शिवशिवत. गोळी ओठाला टेकली आणि उडाली ती थेट माझ्या खोलीत आली. मी खाल्ली. चांगली होती.

मग पाण्यात टाकायची फसफसणारी गोळी आली. पेल्यात ती अशी उकळली की शेजारचं मांजर पलंगाखाली गेलं ते दुसऱ्या दिवशी निघालं. आवडाबाईंनी वास घेतला आणि पेला सरकवला. "इतका राग येतोय याला, मंजे आंबाट हायच."

मग कॅप्सूल. ही बिनचवीची. हितेशने ती हातावर ठेवून "बघ, काही वास आहे का?" विचारलं. वास नव्हता. आवडाबाईंनी गिळली. घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या. थोड्या वेळाने आवडाबाईंना ढेकर आली. त्यांचे डोळे मोठे झाले. "टोपी घालून आलाय मेला! पन आत जाऊन बोलला तवा कललं कोन तो."

हितेशने हार मानली नाही. ठाण्याहून त्याने एक चकचकीत खोका आणला. आत पाकिटं, पाकिटांत मलमासारखा पातळ पदार्थ. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, दहापट शोषण.

"लिपोसोमल," हितेश म्हणाला. "यात व्हिटॅमिनला चरबीचं जॅकेट घातलेलं असतं. पोटात कोणी अडवतच नाही. डायरेक्ट ब्लडमध्ये एन्ट्री."

"आंबाट?"

"अगं, चरबीच आहे वरून. तूच बघ."

जिभेला तेल लागलं, आंबट लागलं नाही. आवडाबाईंना हे काहीतरी तुपासारखं औषध वाटलं. त्यांनी एक पाकीट घेतलं. इथपर्यंत ठीक होतं. पण हितेश पडला जिमवाला. जितकं जास्त वजन तितका मोठा दंड, हा त्याचा हिशेब. दुपारी आवडाबाईंच्या वाटीत त्याने खोक्यातली उरलेली सगळी पाकिटं एकदम पिळली.

त्या दुपारी आवडाबाईंनी खाट ते संडास इतक्या फेऱ्या मारल्या की तेवढं सरळ चालल्या असत्या तर कर्जत लागलं असतं. आणि फेऱ्यांच्या मधे पोटातून ती ओळखीची आंबट कळ घशाशी आली. चरबीचं जॅकेट उतरलं आणि आत कोण आहे ते आवडाबाईंना कळलं.

त्या हितेशवर ओरडल्या नाहीत. ओरडण्याइतका दम नव्हता. फक्त म्हणाल्या, "मना फसवलंस, बाला. आईसमोर खोटी पारलीस." आणि चुकून नवस मोडला म्हणून त्यांनी उपास धरला. आधीच अंगात काही नाही, त्यात उपास. संध्याकाळी त्यांनी ऋतिकाला जवळ बोलावलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत सांगितलं, "दुसरी कोन धवलारीन मिलते का बगा, गो."

"दुसरी आहे कुठे?"

"मंग आपला डीजे," हितेश पुटपुटला.

"तुझ्या लग्नात लाव डीजे," ऋतिका म्हणाली. "माझं लग्न रद्द." ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली आणि अनिमेषला फोन लावला. फोनवर ती फक्त रडली. भिंत पातळ असली तरी रडण्यातले शब्द मला लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अनिमेष आला. आत आजी झोपल्या होत्या, म्हणून आम्ही बाहेर गॅलरीत बसलो: तो, हितेश, ऋतिका आणि मी. हितेशचं तोंड उतरलं होतं. त्याने रिकामा खोका अनिमेषपुढे ठेवला. "दहापट लागायला पाहिजे होतं ना, भावोजी? एक थेंबसुद्धा लागलं नाही. ड्युप्लिकेट माल असेल."

"माल खरा असेल," अनिमेष म्हणाला. "शहाड स्टेशनबाहेर शेअर रिक्षा असतात ना?"

"असतात."

"मागे तीन, ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून चौथा. माणसं थोडी थोडी आली की सगळी घरी पोचतात. रस्त्यात कोणी उरत नाही. एकदम हजार माणसं आली तर?"

"राडा."

"आपल्या आतड्यात व्हिटॅमिन सी आत नेणाऱ्या अशाच रिक्षा असतात. थोडं दिलं की जवळजवळ सगळं आत जातं. एकदम ढीग ओतला की रिक्षा भरतात, आणि जे बाहेर राहतं ते गप्प थोडंच उभं राहतं? सोबत पाणी ओढून घेतं आणि खालच्या वाटेने निघतं. आजींना पळवलं ते त्यानेच. बरं, जे आत गेलं तेही गरजेपेक्षा जास्त झालं की मूत्रपिंडं बाहेर काढून टाकतात."

"म्हणजे मी इतकी वर्षं जिममध्ये जे घेतोय…"

"त्यातलं बरंचसं मोहन्याच्या गटाराला मिळालंय," ऋतिका म्हणाली. कालपासून ती पहिल्यांदा हसली.

"पण मग हे जॅकेट?" हितेशने खोक्यावर बोट आपटलं.

"जॅकेट थोडंफार काम करतं. काही लोकांच्या रक्तात जरा जास्त दिसलंय, ते खोटं नाही. पण दहापट कसं होईल? माफक डोस दिला तर साधी गोळीच दहा तांब्यांतले आठ-नऊ तांबे घागरीत ओतते. दहापट ओतायला पाणी आणायचं कुठून?"

मी विचारलं, "आणि आवळ्यातलं सी भारी का कारखान्यातलं?"

"शरीर जन्मदाखला मागत नाही, काका. दोन्ही सारखंच आत घेतं. आवळ्यात इतर चांगल्या गोष्टी असतात, ते वेगळं."

मी माझ्या पोटाकडे बघितलं. खोटं नाही सांगत, त्या दिवसापासून मला त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला. इतकी वर्षं मी त्याच्यात वडे, भजी आणि थापा ढकलतोय, आणि हे बिचारं आत बसून कोणाला घ्यायचं, किती घ्यायचं, कोणाला हात जोडून परत पाठवायचं, हे न चुकता ठरवतंय. खोक्यावरची अक्षरं त्याला वाचता येत नाहीत, म्हणून त्याला कोणी फसवू शकत नाही. आमच्या कारखान्यात असा एक साहेब असता तर तो बंद पडला नसता, अजून भोंगा वाजत असता.

अनिमेषने पिशवीतून एक छोटा डबा काढला. आत पांढरी भुकटी. मी बोट लावून चाटली. खारट. अगदी हलकी खारट.

"मीठ?" हितेशने विचारलं.

"सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट. व्हिटॅमिन सीच आहे, पण आंबट नाही. कल्पिता डॉक्टरांशी बोललो. आजींना बीपी नाही, एवढ्याशा डोसने काही होत नाही म्हणाल्या. चिमूट सकाळी, चिमूट दुपारी, चिमूट संध्याकाळी, पाण्यातून."

हितेश टुणकन उठला. "एक नंबर! भावोजी, खारट म्हणजे काम फत्ते. आजीचं माहेर मिठागरवाल्यांचं. मीठ म्हणून देऊन टाकू. तिला काय कळतंय?"

"नाही," अनिमेष म्हणाला. "सांगून देणार."

ऋतिकाचा चेहरा पांढरा पडला. "अरे वेडा आहेस का? सांगितलंस तर ती नाही म्हणणार. मग सगळं संपलं. यात खोटं कुठे आहे? खारट आहे तर खारट म्हणायचं."

"खारट आहे, पण मीठ नाही. काल त्यांना एकदा फसवलं आपण. पुन्हा नाही फसवणार."

"आपलं लग्न अडकलंय यात, अनिमेष."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि डबा घेऊन आत गेला. मी माझ्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावणार होतो, पण मग वाटलं, अशा वेळी सरळ दारात उभं राहावं.

आवडाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. ठाण्याचा जावई समोर पाटावर बसलेला बघून त्यांनी पदर सारखा केला. अनिमेषने डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि आधी सगळ्यात वाईट वाक्य बोलून टाकलं. "आजी, हे आंबटापासून केलंय."

दारात हितेशने कपाळाला हात लावला.

आवडाबाईंनी चिमूट घेतली, जिभेच्या टोकावर ठेवली आणि डोळे मिटले. ती शांतता एवढी लांबली की मला उल्हास नदीतले मासे कूस बदलताना ऐकू आले. डाव्या कानाने.

"खारं हाय," त्या म्हणाल्या. "नि तू बोलतंस आंबाट हाय."

"होतं. आता नाही. पाण्यात आंबट विरघळवलं आणि त्यात थोडा थोडा खाण्याचा सोडा घातला."

"मंग?"

"मग फेस आला. बराच उसळला."

"आवाज जाला?"

"झाला. नुसता फसफसाट."

"वाजत-गाजत," आवडाबाई स्वतःशी म्हणाल्या. "मंग?"

"मग हळूहळू शांत झालं. फेस गेला, आंबटपणा गेला. पाणी आटवलं की ही भुकटी राहिली."

आवडाबाई सावरून बसल्या. त्यांच्या डोळ्यांत असं काही आलं जे मी महिनाभर बघितलं नव्हतं. सोयरीक जुळवायला बसल्यावर येतं ते. "आदी नाव काय होतं?"

"अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड."

"नि आता?"

"सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट."

"सोडियम कोनाचं?"

"सोडियम मिठातलं, आजी. तुमच्या मिठागरातल्या मिठातही तेच असतं."

"मंजे सासरचं नाव पुरं लागलं, नि माहेरच्या नावाची शेपटी तेवरी राहिली." आवडाबाईंनी बोटाने डबा जरासा फिरवला. "परत आंबाट होतं का? म्हायेरी पलून जातं का?"

अनिमेष थबकला. इथे तो गोड खोटं बोलू शकला असता. "पोटात आंबट असतं, आजी. तिथे गेल्यावर थोडा वेळ माहेरपण करतं. पण तो आंबटपणा तुमच्या पोटाचा स्वतःचा असतो, तो उपाशी राहिलात तरी असतोच."

"माज्या पोटातलं आंबाट आईनंच दिलेलं," आवडाबाई म्हणाल्या. "ते मी सोरलं नाय नि तिनं मागितलं नाय." मग त्यांनी शेवटचं विचारलं. "म्हायेरचा गुन राहिला का?"

"गुण पुरा राहिला. साध्या गोळीइतकंच अंगी लागतं. जास्त नाही, कमी नाही."

ऋतिका दाराची चौकट धरून उभी होती.

"सकाराम," आवडाबाईंनी मला हाक मारली. त्यांना माझ्या नावातला ख कधी सापडला नाही. "इतकी लग्नं लावली मी. मुलगी उंबऱ्यातून आत गेली मंजे कोनाची?"

"सासरची, आवडाबाय."

"कोन बोलतंय?"

"धवलारीण बोलते."

"नि धवलारीन कोन?"

"तुम्ही."

"मंग मी बोलतंय." त्यांनी तो डबा उचलला आणि मांडीवर ठेवला, जशी नवी सून जवळ बसवावी. "याचं लगीन रीतीनं लागलंय. फेस आला, वाजलं, शांत जालं, नाव बदललं. हे आता खाराच्या घरचं. मी आंबाट सोरलंय, खार सोरलेला नाय. आईला मी सांगन. तिला पन लग्नातलं कलतं." मग अनिमेषकडे बघून म्हणाल्या, "पन तू सांगून दिलंस म्हनून. चोरून दिलं असतंस तं हे पलवून आनलेलं ठरलं असतं."

हितेशने जिममधले सप्लिमेंटचे डबे बाजूला सारून आजीच्या भुकटीचा पेला तिन्ही वेळा स्वतः भरायचं काम अंगावर घेतलं. चिमटीत किती येतं हे बघताना तो दंड असे आवळायचा, जणू वजनच उचलतोय.

आणि मग त्या शरीराने काय केलं म्हणता! चिमटीभर भुकटी सकाळची, तिच्यातला कण न् कण त्याने रिक्षात बसवून आत नेला. दुपारची आली, तीही नेली. आधी डोळ्यांतली मरगळ गेली. आवडाबाईंनी स्वतः उठून चहा केला आणि तो वाईट झाला म्हणून ऋतिकाला बोल लावला. मग पायांवरचे डाग निळ्याचे हिरवे, हिरव्याचे पिवळे झाले आणि एका सकाळी बघावं तर नाहीसे. हिरड्या आवळत गेल्या. हलणारे दात पुन्हा मुळं धरून असे बसले की आमच्या बिल्डिंगचा पायाही तितका बसलेला नाही, आणि हे मी बिल्डरच्या समोर बोललेलो आहे. इतकं मोडलेलं घर आतल्या आत पुन्हा बांधायचं आणि बाहेर एक विटेचा तुकडा दिसू द्यायचा नाही, असा कारागीर मी दुसरा बघितला नाही. कल्पिता डॉक्टर तपासायला आली तेव्हा तिने आवडाबाईंना तोंड उघडायला सांगितलं. आवडाबाईंनी उघडलं आणि त्याबरोबर एक आलापही सोडला. डॉक्टरचा स्टेथोस्कोप गळ्यातून खाली पडला.

फळांचाही निकाल लागला. पिकलेला पेरू खारं मीठ लावून खाल्ला तर तो कोणत्या घरचा, यावर आवडाबाईंनी एक दुपार विचार केला. निकाल पेरूच्या बाजूने गेला.

लग्न मोहन्यातच झालं, दारासमोर मांडव घालून. ठाण्याची मंडळी खुर्च्या पकडून बसली होती. त्यांनी धवला कधी ऐकला नव्हता. त्यांना वाटलं, आजीबाई दोन ओळी म्हणतील, फोटो होईल, मग जेवणं.

आवडाबाई मांडवाच्या मेढीशी उभ्या राहिल्या. नऊवारी नेसलेल्या, कपाळाला आडवं कुंकू. त्यांनी पहिला सूर लावला आणि मांडवाच्या झालरी वारा नसताना हलल्या. ठाण्याच्या एका काकांनी फोनवर बोलता बोलता फोन खिशात ठेवला. पलीकडचा माणूस अजून बोलत असेल. हळदीचा धवला झाला, पाट मांडायचा झाला, नवरी आणायचा झाला. आवाज चढत गेला तसतशी ऋतिका पाटावर ताठ होत गेली. तिला अजून भीती होती. रुमाल तिने हातात तयार ठेवला होता, आजीच्या तोंडाला लावायला.

मग मुलगी सासरी द्यायचा धवला सुरू झाला. सगळ्यात लांब, सगळ्यात अवघड. याच्यात श्वास घ्यायला जागाच नसते. आवडाबाई त्याच्या अगदी मध्यावर आल्या, सूर सगळ्यात उंच होता, आणि त्या थांबल्या.

मांडवात कोणी हललं नाही. भटजींनी अक्षतांची मूठ अर्ध्यावर धरली. हितेश पाण्याचा पेला घेऊन निघाला तो जागीच गोठला. ऋतिका रुमाल घेऊन पाटावरून अर्धवट उठली.

आवडाबाई नवऱ्या मुलाकडे बघत होत्या. अनिमेष मुंडावळ्या बाजूला सारून, मान पुढे काढून, डोळे बारीक करून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसला होता. प्रयोगशाळेत भिंगाखाली वाकल्यासारखा.

"ए बाला," आवडाबाई म्हणाल्या. "माज्या हिरऱ्या काय बगतंस? नवरीकरं बग!"

आणि मांडवात हसण्याचा भडका उडायच्या आत त्यांनी तो सूर जिथे सोडला होता तिथूनच उचलला, आणि आणखी वर नेला.